मऊ घासाचा वसा

ऐका, म्हातारपणाच्या राखणदार जरामाई, तुमची कहाणी. डोंगरापल्याड एक भरलं नगर होतं. तिथं भिवाजी नावाचा कोष्टी राहत होता. त्याची बायको गोजरा. घरात त्याची आई धोंडाई, फार फार म्हातारी. तिचे दात गेले, डोळे गेले, पाय गेले. दिवसभर खाटेवर पडून राही. गोजरा पुढ्यात भाकरी ठेवी, मग मागावर कामाला बसे. येऊन पाही, तो भाकरी तशीच. भिवाजी म्हणे, "वय झालं, आईनं अन्न सोडलं." शेजारीण म्हणे, "वय झालं." वैद्य दारातूनच म्हणे, "वय झालं." म्हातारी काडीसारखी झाली. पाठीला जखम पडली. गोजराच्या जिवाला घोर लागला.

मग एके दिवशी ती सूत धुवायला नदीवर गेली. घाटावर एक म्हातारी पाणी मागत होती. एक बाई आली, निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. गोजरानं घाईघाईनं ओंजळीनं पाणी पाजलं. म्हातारीला ठसका लागला. ती म्हणाली, "बाई, आधी मला नीट बसव. मग थोडं थोडं पाज." गोजरानं तसं केलं. पाणी सुखानं उतरलं. गोजराचे डोळे भरले.

"का गं रडतेस?"

"घरी सासू आहे. तिनं अन्न सोडलंय."

"सोडलं, असं ती म्हणाली?"

गोजराच्या ध्यानात आलं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

मग म्हातारी म्हणाली, "तुला वसा सांगते. सकाळी हाक मारून उठवावं, बसवून मऊ घास भरवावा, तो गिळला की दुसरा द्यावा. दुपारी अंग पुसावं, कूस पालटावी, टाचांना तेल लावावं. सांजवेळी जवळ बसावं, काय सांगते ते ऐकावं. वसा अर्ध्यावर सोडू नये." इतकं बोलून ती दिसेनाशी झाली. ती जरामाईच होती.

गोजरा घरी आली. गुरगुट्या भात केला, वर तूप घातलं. सासूला बसवलं. विचारलं, "आत्याबाई, भाकरी का खात नव्हता?"

"चावत नाही गं. सांगू कुणाला? सगळी कामात."

मग सून भरवू लागली, सासू खाऊ लागली. जखम सुकू लागली.

पुढं लग्नसराई आली. मागावर काम वाढलं. गोजराची कंबर धरली. एक दिवस घास चुकला, दुसऱ्या दिवशी कूस पालटायची राहिली, तिसऱ्या दिवशी ती सासूवर ओरडली. धोंडाईनं तोंड मिटून घेतलं. जखम पुन्हा ओली झाली. गोजरा घाटावर धावली. जरामाई तिथंच बसली होती.

"माई, माझा वसा मोडला."

"मोडणारच. घरात हात किती?"

"चार."

"मग दोनच का राबतात?"

गोजरानं घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. भिवाजीनं माग थांबवला. म्हणाला, "मला जमेल का?"

"मी दाखवते. आधी त्यांना बसवा."

भिवाजीनं आईला बसवलं. पहिला घास सांडला. दुसरा सांडला. तिसरा तिनं गिळला. मग चाचपत त्याचं मनगट धरलं. म्हणाली, "भिवा, तू जेवलास का?" भिवाजीनं मान खाली घातली, आईच्या मांडीवर टेकवली.

धोंडाई तरुण झाली नाही, चालू लागली नाही. पण दोघं मिळून वसा चालवू लागली. जखम भरली, अंगावर मांस चढलं. ती ओसरीवर उन्हात बसून सुनेला माहेरच्या गोष्टी सांगू लागली. जगली तितके दिवस सुखानं जगली.

जशी जरामाई त्या घराला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. घरोघरच्या म्हाताऱ्यांना मऊ घास मिळो, कोरडं अंथरूण मिळो, जवळ बसणारं माणूस मिळो. लांबलचक कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, ती सुफळ संपूर्ण झाली.