झिपऱ्याची हाक

कोणे एके काळी एका रानात झिपऱ्या नावाचा वानर उंच सावरीवर बसून राखण करी. बिबट्या दिसला की तो ओरडे आणि खाली चरणारी हरणं वेळीच पळून जात.

पुढे त्याला गुराख्यांनी टाकलेली विड्यांची थोटकं ओढायची चटक लागली. खोकला काही सुटेना. एके दिवशी गवतात बिबट्या हलला. झिपऱ्याने तोंड उघडलं, पण नुसती ढास लागली. ठिपकी हरिणीचं पाडस पंजातून कसंबसं सुटलं, पण पायाने कायमचं अधू झालं.

झिपऱ्या मान खाली घालून आला. "ताई, राखणीला आता दुसरा कुणी बघा."

"दुसरा कशाला?" पाडसाचा पाय चाटत ठिपकी म्हणाली. "तू विडी सोड, भाऊ. तलफ आली की माझ्यापाशी येऊन बस."

तो येऊन बसू लागला. कधी उगाच चिडे, कधी रडे. ठिपकी उठून जात नसे. हळूहळू खोकला ओसरला, शेंड्यापर्यंत चढतानाही दम लागेना.

मग एका सकाळी बिबट्या ओढ्यापलीकडे असतानाच झिपऱ्याची हाक रानभर घुमली. हरणं टेकडीपार पोचली, तेव्हा लंगडणारं पाडसही आईच्या बरोबरीने उभं होतं.