दाराकडचा पाय

लाकूड आणि दगडही बोलायचे, तेव्हाची गोष्ट. गोदूने घरीच आयुष्यातला पहिला पलंग केला. चारही पाय मोजून सारखे कापले. उत्साहाने मांडला, तर डुगडुगला!

"दाराकडचा पाय लांब आहे. काप त्याला," फरशीआजी म्हणाली.

करवतमावशी दात विचकत त्या पायाकडे सरसावली. "तीन पिढ्यांची फरशी आहे ती, पोरा! मोठ्यांनी सांगितलं की गुमान कापून घ्यायचं."

"कापण्याआधी पलंग फिरवून तर बघा!" पाय ओरडला.

गोदूने पलंग फिरवला. दाराकडे दुसरा पाय आला आणि आता तोच लांब ठरला! फरशीच तिथे वर आली होती.

"आमच्या वेळी पाय उलटून बोलत नव्हते," आजी पुटपुटली.

गोदूने करवत ठेवली आणि पहार उचलली.