बगळ्याच्या कमरेचं माप

फार पूर्वी, म्हणजे पक्ष्यांना स्वतः उडायचा कंटाळा आला आणि त्यांनी चक्क विमान काढलं, तेव्हाची ही गोष्ट. विमानात सगळा रुबाब बगळ्याचा. सीटबेल्टसाठी माप त्याने स्वतःच्याच कमरेचं दिलं होतं, तेही उपाशीपोटी!

एकदा मंजुळा म्हैस विमानात चढली. डोंगरापलीकडे लेकीचं बाळंतपण होतं, आज पोचायलाच हवं होतं. तिने श्वास रोखला, पोट आत घेतलं, पण बेल्टची दोन टोकं काही भेटेनात.

"मावशी, जरा कमी खात जा हो!" बगळा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मागे माकडं खिदळली.

मंजुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हळूच विचारलं, "अरे, बेल्ट वाढवायला एखादा जोडपट्टा असेल ना?"

"नाही बुवा. बेल्ट लागला नाही तर उतरायचं. नियम म्हणजे नियम!"

मंजुळा डोळे पुसत उठली. तेवढ्यात पायलट घार ओरडली, "चला, बेल्ट लावा सगळ्यांनी!" बगळाही टेचात बसला. पण सकाळीच त्याने तळ्यावर मासे हाणले होते ना! त्याचाही बेल्ट लागेना. मग इकडेतिकडे बघत त्याने पंखाखालून गुपचूप जोडपट्टा काढला.

मंजुळाने तो हिसकावला, आपल्या बेल्टला जोडला आणि ऐसपैस बसली.

"अहो मावशी, मग मी कसा येऊ?" बगळा किंचाळला.

"बेल्ट लागला नाही तर उतरायचं ना रे? आणि तुला तर पंख आहेत. ये की बाहेरून!"