कडबा कोणी मोजला?

शेजारच्या राजाच्या खळ्यावरची ज्वारीची रास बघून आल्यापासून वीरभान राजाला अन्न गोड लागेना. त्यात प्रधान म्हणाला, "महाराज, साऱ्या जगाची सरासरी काढली तर बिघ्याला पाच पोती येतात. शेजाऱ्याची सात. आपली मात्र दोनच!"

राजाचा नुसता जळफळाट झाला. त्यानं दवंडी पिटवली, "बिघ्याला पाच पोत्यांच्या आत ज्याची रास, त्याचं शेत सरकारजमा!"

भिवरा नावाच्या शेतकरणीच्या बिघाभर रानात रास दोनच पोती भरली. शेत गेलं तर लेकरांच्या तोंडात काय घालायचं? आईच्या जिवाला दुसरं काय सुचणार? तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन ती थेट दरबारात गेली.

"महाराज, दाणे मोजलेत, पण कडबा कोणी मोजला? शेजाऱ्याची ज्वारी गुडघ्याएवढी. आमची माणसापेक्षा उंच. दाणा कमी देते, पण कडब्याची गंजी लागते."

प्रधान फिसकन हसला. "अगं बाई, कडबा काय माणसं खातात?"

"नाही हो प्रधानजी, महाराजांच्या पागेतले घोडे खातात. शेजारच्या राजाच्या पागेत घोडे किती, तेवढं सांगा."

प्रधान खाली बघायला लागला. "एकही नाही. चारा जेमतेम बैलांपुरता, म्हणून सगळे विकले. आता तो राजा बैलगाडीतून फिरतो."

राजा ताडकन उठला. दवंडी तिथल्या तिथं मागं घेतली, आणि पांढऱ्या घोड्यावर बसून शेजाऱ्याच्या शिवेवरून मुद्दाम तीन चकरा मारून आला.