कळशीतला पाला

“भीती काढून देता का तुम्ही?”

धनगरवाड्यावर पोचल्या पोचल्या मी एवढंच विचारलं. ना नाव सांगितलं, ना गाव.

ठकूआत्या म्हशीच्या कानातले गोचीड काढत होती. मान वर न करता म्हणाली, “गोचीड काडते. पायातला काटा काडते. भीती कुटं टोचलीया ते दाव.”

मग तिची नजर माझ्या बुटांवर गेली.

“खालच्या वाडीची सून न्हवं तू? सकाळची रस्त्यानं पळतीस ती?”

“हो.”

“म्हशी बुजत्यात माझ्या.”

ठकूआत्या सत्तरीच्या पुढची. चाळीस वर्षं ती डोक्यावर दुधाची चरवी घेऊन आमचा घाट उतरली आणि चढली. तिला भीती ठाऊकच नाही असं सगळे सांगतात, म्हणून तर मी गेले होते.

“तुमच्या वाटेत अस्वल आडवं आलं, तरी दुधाचा थेंब सांडला नाही म्हणतात.”

“कोन म्हनतं?”

“सगळं गाव.”

“चरवी टाकून पळाले मी. दूध अस्वलानं चाटलं. गावाला काय म्हाईत? गाव तवा झोपलं हुतं.”

ती खुदकन हसली. मला मात्र हसू येईना.

रविवारी घाटाची शर्यत होती. गावातल्या शाळेपासून वर खिंडीपर्यंत, दहा किलोमीटर. गेल्या वर्षी मी निम्म्या चढावर खाली बसले आणि उलट्या पावली घरी आले होते. यंदा सासूबाईंनी सांगून टाकलं, “ही शेवटची खेप. अर्ध्यातून आलीस तर ते बूट धुऊन माळ्यावर टाक.” त्या वाईट नाहीत. लेकराला त्या सांभाळतात म्हणून तर मला पळता येतं. पण ते बूट माळ्यावर गेले असते तर परत खाली आले नसते, हे मला माहीत होतं. आणि दिवसभरात तेवढा एकच तास माझा असतो.

“कशाचं भ्या वाटतं?” आत्यानं विचारलं.

मग मी सांगितलं. माझा सार्थक दहा महिन्यांचा असताना तापात त्याला झटका आला. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. घरात कोणी नव्हतं. मी त्याला छातीशी धरलं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेले. तीन किलोमीटर, अनवाणी. देवाच्या दयेनं पोर वाचलं. आता साडेतीन वर्षांचा आहे, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण चढावर दम लागला, छाती भरून आली, की तेच निळे ओठ माझ्या डोळ्यांपुढे येतात... वाटतं, घरी काहीतरी झालं. मग पाय उचलतच नाही.

“तेवढं काढून टाका, आत्या. बाकीचं मी बघते.”

आत्या उठली. हात धुतले. कळशी माझ्या हातात दिली.

“चल.”

झरा वाड्यापासून हाकेवर आहे. आत्यानं कळशी काठोकाठ भरायला लावली. मग शेजारच्या जांभळीची चार-पाच पानं तोडली, पाण्यावर टाकली.

“पळत घिऊन ये. सांडायचं न्हाई.”

एवढं बोलून ती पुढं निघून गेली.

मी त्या पानांकडे बघितलं. एकावर मुंगी, एकावर कसले तरी पांढरे ठिपके. सार्थकचं पाणी मी उकळते, दोनदा गाळते, मग त्याच्या तोंडाला लावते. माझा हात आपोआपच गेला. पानं काढून फेकली, ओढणीची चुंबळ करून कळशी डोक्यावर घेतली आणि पळाले.

दहा पावलांत पाणी मानेवर. वीस पावलांत पाठीवर. वाड्यावर पोचले तेव्हा ओढणी पिळता आली असती.

आत्यानं कळशीत डोकावलं.

“पाला कुटं हाय?”

“काढला. घाण होती त्याच्यावर.”

“व्हय का...”

तिनं कळशी परत माझ्या हातात दिली.

“पुन्यांदा जा.”

पुन्हा गेले. या खेपेला मुंगी झटकली, पण पानं ठेवली. पळताना डोक्यावरचं पाणी काठाकडे जायचं, पानांना अडायचं, परत आत वळायचं. ते दिसत नव्हतं, पण मानेला कळत होतं. दोन थेंब पडले. फार तर तीन.

मला एकदम हुशारी आली. “आत्या, कळलं! भीती म्हणजे हा पाला. असंच ना?”

“पाला म्हंजी पाला. जांभळीचा. वत त्या रेडकापुढं, तान्हेलंय ते.”

मी ओतलं. रेडकू पाणी प्यालं आणि त्यानं पाल्यातलं एक पान चघळलं. बाकीची शिंकून उडवली.

मी हिरमुसून बसून राहिले. उठून जावंसं वाटत होतं, जाववत नव्हतं.

आत्या परत म्हशीच्या कानाला लागली.

“पोराला घिऊन पळालीस... तवा तुला पळायला कुनी शिकवलं हुतं?”

“कोणी नाही. त्याआधी कधी पळालेच नव्हते. हे पळणं त्याच्यानंतरचं.”

“दमलीस?”

“आठवत नाही.”

“पायाला खडं टोचलं असत्याल.”

“रात्री कळलं. तळवे फुटले होते.”

“वाटंत थांबलीस कुटं?”

“नाही.”

“मग कुनी पळवलं तुला?”



म्हशीनं शेपटी मारली. आत्यानं ती हातानं बाजूला सारली.

“आन आता त्या भीतीलाच काडून टाका म्हनतीस.”

मी रडले. खूप रडले. आत्यानं मला उगी केलं नाही. म्हशीचा एक कान संपवून तिनं दुसरा धरला.

रविवारी सहाव्या किलोमीटरला चढ उभा झाला, आणि ती भीती आली. तेच निळे ओठ. तीच भरलेली छाती. पाय जड झाले. मागं वळून बघितलं, खाली आमच्या घराची कौलं दिसत होती.

मी तोंडानं बोलले. शेजारून पळणाऱ्या पोरीला वाटलं असेल, ही येडीच आहे.

म्हणाले, “बाई, त्या दिवशी तू होतीस म्हणून माझं लेकरू आहे. तुझे उपकार मी फेडले नाहीत. कधी नावसुद्धा घेतलं नाही. चल... आजही चल.”

ती गेली नाही. चालली माझ्याबरोबर. वळणावळणानं, खिंडीपर्यंत. बायकांत मी अकरावी आले म्हणे. नवऱ्यानं नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सार्थकला कडेवर घेऊन वाड्यावर गेले. सासूबाईंनी आपणहून तिळाचे लाडू बांधून दिले होते. मी आत्याचे पाय धरले. सार्थकनंही धरले, आणि लगेच रेडकाकडे धावला.

“पोचलीस?”

“पोचले.”

आत्यानं मला पितळी पेल्यात ताक दिलं. मी प्याले. मग राहवलं नाही.

“आत्या, खोटं कशाला बोलू... भीती गेली नाही. अगदी वरपर्यंत संगं होती.”

“आन आता?”

“आत्तासुद्धा आहे. तो बघा, रेडकाजवळ गेला, की मी अर्धी उठलेच.”

आत्या आत गेली. आणखी एक पेला घेऊन आली. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि काठोकाठ ताक ओतलं.



“एवढा घाट चडली तुझ्यासंगं,” आत्या म्हणाली. “दमली असंल तीबी.”