अर्धी राहणारी प्रार्थना

"...आणि थंडीत काय म्हणतेस?" अलीशिबाबाईंनी विचारलं.

"श्वास घेताना 'प्रभू', सोडताना 'ऊब दे'."

"उन्हाळ्यात?"

"'प्रभू, सावली दे.' पावसाळ्यात..." माझं मलाच ऐकवेना. "'प्रभू, कोरडं ठेव.' तेव्हा बाळाचे लंगोट वाळत नव्हते."

बाई खो खो हसल्या. "अगं, प्रार्थना आहे का गोधडी? ऋतू बघून काढायची, ऋतू बघून घडी घालायची?"

अलीशिबाबाई पूर्वी मिशनच्या बायबलबाई होत्या. गावोगाव फिरून बायकांना वाचायला आणि प्रार्थना करायला शिकवायच्या. आता चर्चमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. श्वासाबरोबरची प्रार्थना मला त्यांनीच शिकवली, गेल्या उन्हाळ्यात. श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर'. एवढंच.

मला ते फारच थोडं वाटलं होतं. माझ्यासारख्या एम.ए. झालेल्या बाईचं चार शब्दांत कसं भागायचं?

"तुमचेही शब्द म्हणून पाहिले," मी म्हटलं. "नाही जमत. सोडून देते, एवढंच सांगायला आले."

"का नाही जमत?"

मी मांडीवरच्या नथूकडे पाहिलं. नथनेल, माझा मुलगा. अजून वर्षाचाही नाही. पावसाळ्यापासून त्याची छाती घरघरते. थंडी पडल्यावर जास्तच. डॉक्टर म्हणतात, मोठा झाला की जाईल. तोपर्यंत आईनं काय करायचं, ते काही सांगत नाहीत.

"करून दाखव," बाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता श्वास चालू आहे ना?"

मी डोळे मिटले. श्वास घेतला. प्रभू येशू...

...

"पुढं?"

...

"अगं, सोड की! निळी पडशील."

मी श्वास सोडला. 'दया कर' राहूनच गेलं.

"रोज इथंच अडतेस?"

"हो."

"कशापायी?"

"माझा श्वास चालू असला की नथूचा ऐकू येत नाही. म्हणून धरून ठेवते. त्याचा आला की मग सोडते, पण तोवर प्रार्थना तुटलेली असते." मला पुढचं बोलायचं नव्हतं, तरी बोलले. "मी देवाकडं लक्ष लावून बसले, आणि तेवढ्यात त्याचा थांबला तर?"

बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, ते सूप बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले.

मला वाटलं, आता एखादं वचन सांगतील. विश्वास कमी पडतो म्हणतील. ते तर मी स्वतःला रोजच सांगते.

त्यांनी नथूला उचललं. कुंची सारखी केली. मग त्याला माझ्या अंगाशी उभा टेकवला, पोटाला पोट लावून, डोकं माझ्या खांद्यावर.

"लागतोय त्याचा श्वास?"

"लागतोय."

"मग आता कान देऊन थांबायला नको. 'प्रभू येशू' तुझ्या श्वासावर म्हण. 'दया कर' त्याच्या."

"त्याला कुठं शब्द येतात?"

"तुला येतात, तर कुठं जमतंय?"

मी श्वास घेतला. प्रभू येशू... नथूचं पोट माझ्या पोटावर फुगलं. घरघरलं. सैल पडलं.

दया कर.

मी पुढचा घेईपर्यंत त्याचे कितीतरी घेऊन झाले होते. मी घाई केली. मलाच धाप लागली. नथूनं माझ्या गळ्यातला क्रूस तोंडात घातला आणि तसाच भरभर श्वास घेत राहिला.

बाई चहा टाकायला उठल्या.

"बाई, तो फार भरभर घेतो हो. मी मागं राहते."

बाई दारापाशी थांबल्या.

"मग राहा की मागं. त्याचा श्वास कुठं थांबतोय तुझ्यासाठी?"