आबांच्या काचपेटीतलं तण

आडबंदर गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळी माणसं त्या गावात बरीच होती, पण ती अधूनमधून शहाण्यासारखी वागत. गुणाजीचं तसं नव्हतं. त्याला सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणे करायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. त्यामुळे गावातले लोक त्याला काम सांगायला घाबरत.

घाबरत नव्हते फक्त आबा तांडेल. आबा तीस वर्षं बोटीवर नोकरी करून गावी परतले होते. येताना त्यांनी एक भलीमोठी काचेची पेटी आणली. तिच्यात खारं पाणी, खडक, रंगीत पोवळी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी. या जोडीला पिल्लं व्हावीत म्हणून आबा चार वर्षं वाट बघत होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठीसुद्धा त्यांनी इतकी वाट बघितली नव्हती.

एके दिवशी ती जोडी एक दगड तोंडाने घासूनपुसून साफ करायला लागली. आबांना कोण आनंद! दगड साफ केला म्हणजे आता तिथे अंडी घालणार. पण त्याच दगडाशेजारी आबांना सात तपकिरी समुद्रफुलं दिसली. बोटाएवढी उंची, वर केसांसारखी झुलपं. मित्राने दिलेल्या एका खडकाला चिकटून ती मागाहून पेटीत आली होती. दिसायला फूल, पण शेजाऱ्याला डंख मारणारं. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायच्या आत ती काढणं भाग होतं. आबांचे हात आता थरथरत, म्हणून पेटीतली कामं गुणाजीकडे होती.

"गुणा, ह्या तण आसा," आबा म्हणाले. "शेतातल्या तणासारखा मुळासकट उपट. पोरां झाली तर पेटी जल्मभर तुझ्या ताब्यात. नाय झाली तर माका तोंड दाखवू नको."

गुणाजीलाही ती जोडी फार आवडायची. रोज सकाळी तो तिला रामराम करायचा. त्याने लगेच बाह्या सरसावल्या.

दहा दिवसांनी आबांनी पेटीत पाहिलं. सातची सत्तर झाली होती.

"उपटलंस ना रे?"

"उपटलंय."

"मगे टाकलंस खंय?"

"शेतात टाकतंय तसाच, थयच. बारीक कापलंय आणि वाळूत पुरलंय. खत होतला."

आबांनी कपाळाला हात लावला. शेतात उपटलेलं तण तिथेच मातीत गाडायचं, ही गावची रीतच होती. गुणाजीची त्यात काही चूक नव्हती. चूक होती ती समुद्रफुलांची. त्यांचा तुकडा पडला, की तुकड्याचं नवं फूल होई.

"आता तेंका हात लावू नको," आबा म्हणाले. "पिचकारीत चुन्याचा पाणी भर. तोंड उघडा दिसला काय आत एक थेंब. तोंड उघडा दिसला काय थेंब. समाजला?"

"समाजला."

गुणाजी पिचकारी घेऊन पेटीसमोर बसला. पण ती फुलं मोठी बेरकी. पिचकारी जवळ आली, की तोंड मिटून खडकाच्या फटीत शिरत. गुणाजी सकाळपासून बसला. जेवायला उठला नाही. दुपारचे तीन वाजले तरी एक तोंड उघडं मिळेना. शेवटी त्याने सहज मान वळवली. मागे आरामखुर्चीत आबा झोपले होते. तोंड चांगलं उघडं होतं.

गुणाजीने एक थेंब सोडला. हात अजिबात हलू दिला नाही.

आबांची जीभ अशी पोळली, की चार दिवस त्यांनी पेज फुंकून फुंकून घेतली. शिव्यासुद्धा त्यांना हळूहळूच देता आल्या. आबांची बायको माई म्हणाल्या, "अगो बाय, ह्या कसला केलंस रे गुणा?" गुणाजी म्हणाला, "माई, दिसभरात ह्या एकच तोंड गावला."

आबांनी चुन्याचा नाद सोडला. शहरातल्या मित्राकडून त्यांनी चार लाल पट्ट्यांच्या कोळंब्या मागवल्या. ही जात म्हणे ती फुलं आवडीने खाते. पाण्याने भरलेल्या पिशवीतून कोळंब्या आल्या. गुणाजीने पिशवी बघितली आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. तेवढ्यात आबा ओरडले.

"खबरदार! नवो कोण इलो काय तेका एकदम आत सोडूचो नाय. तासभर भायर ठेवूचो. आतला पाणी नळीतना थेंब थेंब सोडूचा. आपल्या पाण्याची सवय झाली काय मगे आत."

गुणाजीने कोळंब्या बादलीत ओतल्या, पेटीतून बारीक नळी सोडली आणि तासभर थेंब मोजले. एकही कोळंबी दगावली नाही. पेटीत शिरल्याबरोबर एकीने एका फुलाचा फडशा पाडला. आबा म्हणाले, "शाबास रे गुणा." गुणाजीला जन्मात पहिल्यांदा कुणी शाबास म्हटलं होतं. त्याचे डोळे भरून आले. हा धडा आता मरेपर्यंत विसरायचा नाही, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी आबांचे व्याही भास्करराव आले. आबा बाजारात गेले होते, माई परसात होत्या. दारात गुणाजी होता.

"आबा आहेत का घरात?"

"तुमी नवे?"

"नवा म्हणजे... या घरी पहिल्यांदाच येतोय."

"मगे बसा हय."

त्याने भास्कररावांना ओट्यावर बसवलं, खिडकीतून नळी काढली आणि त्यांच्या टोपीवर थेंब सोडायला लागला. भास्करराव सभ्य माणूस. मुलीकडच्यांची काहीतरी रीत असेल, असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासाने त्यांनी भीत भीत विचारलं, "हे... कशासाठी?"

"आमच्या पाण्याची सवय होवक होयी."

"खारट आहे."

"होय. होतली सवय."

माई पाण्याची कळशी घेऊन आल्या तेव्हा व्याह्यांच्या मिशांतून खारं पाणी ठिबकत होतं आणि गुणाजी तोंडाने मोजत होता. माईंच्या हातातली कळशीच पडली.

रात्री व्याह्यांना माजघरातला पलंग दिला. आबा ओट्यावर आडवे झाले, माई न्हाणीघराशेजारी. व्याह्यांना सुरमई वाढली, सोलकढी वाढली, नको नको म्हणेस्तोवर वाढली. सकाळी ते गेल्यावर आबांनी गुणाजीला समोर उभं केलं.

"डोळे उघडून बघितलंस मां काल? पावणो इलो काय तेका आतली जागा देवची. घरातल्यांनी भायर निजाचा. आणि तेका पोटभर जेवूक घालूचा. हेका म्हणतत पावणचार!"

"समाजला," गुणाजी म्हणाला. त्याला खरोखरच समजलं होतं.

त्याच दिवशी जोडीने अंडी घातली. दगडावर दोनशे-अडीचशे बारीक नारिंगी ठिपके. आठव्या दिवशी पिल्लं बाहेर यायची होती. आबा दिवसातून वीस वेळा दगड बघत. समुद्रफुलं अजून साठ-बासष्ट उरली होती. कोळंब्यांचं काम चालू होतं, पण सरकारी गतीने. एक फूल तर अगदी अंड्यांच्या दगडापाशी येऊन डोलत होतं.

सहाव्या दिवशी व्याह्यांकडून निरोप आला, की भास्कररावांचा राग अजून उतरलेला नाही. मुलीच्या सासरचा मामला. आबा आणि माईंना जाणं भाग होतं. "दोन दिसात येतंय," आबा जाताना म्हणाले. "सांगितलंय तसा वाग." आबांनी असं म्हणायला नको होतं.

गुणाजी एकटा राहिला. पाहुणचार करायचा त्याचा निश्चय पक्का होता, पण पाहुणाच नव्हता. दारात उभा राहून त्याने वाट बघितली. कुणी येईना. मग तो पेटीसमोर बसून विचार करायला लागला. मासे पहिल्यापासूनचे, म्हणजे घरातले. समुद्रफुलं मागाहून आलेली, म्हणजे पाहुणे. कोळंब्या त्यांच्याही मागाहून आलेल्या, म्हणजे त्याही पाहुण्या. आणि इतके दिवस हे सगळे पाहुणे दगडाच्या फटीत अवघडून राहत होते! गुणाजीला लाज वाटली.

त्याने पेटीतलंच पाणी एका मोठ्या टबात काढलं. त्यात माशांची जोडी आणि अंड्यांचा दगड अलगद ठेवला, हवेची नळी सोडली आणि टब ओट्यावर नेला. घरातल्यांनी बाहेर निजायचं. मग त्याने पाहुण्यांना पोटभर जेवू घातलं. पाहुण्यांनी पाहुण्यांना खाणं बरं दिसत नाही, म्हणून कोळंब्यांना जास्तच वाढलं. त्या इतक्या सुस्तावल्या, की समुद्रफुलांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

आबा परतले ते थेट पेटीपाशी गेले. पेटीत जिकडे तिकडे समुद्रफुलं. धष्टपुष्ट. एका अंगाला लोळत पडलेल्या चार कोळंब्या. मासे नाहीत, अंडी नाहीत.

"गुणा... माझी पोरां खंय?"

"ओट्यार."

आबा धडपडत ओट्यावर गेले. टबात जोडी ऐटीत फिरत होती. आणि तिच्याभोवती, टाचणीच्या टोकाएवढी, दोनशे पिल्लं वळवळत होती. डंख मारायला जवळ एकही समुद्रफूल नव्हतं, त्यामुळे एकही वाया गेलं नव्हतं. आबा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी गुणाजीला मिठी मारली.

"गुणा, पेटी तुझी रे! मी तुका मूर्ख समाजत होतंय." त्यांनी डोळे पुसले. पिल्लांसाठी त्यांनी आतल्या खोलीत वेगळी मोठी टाकी कधीपासून भरून ठेवली होती. "टब हेंका लहान पडतलो. तेंका मोठ्या पाण्यात सोड. मी देवळात नारळ ठेवन येतंय. आणि सवय करून सोड हां!"

"ता माका सांगूक नको," गुणाजी म्हणाला.

आबा देवळात गेले. नारळ ठेवला, वाटेत भेटेल त्याला साखर वाटली. दीड तासाने परतले तेव्हा गुणाजी ओट्यावर टब पालथा घालून सुकवत होता. त्याचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले होते.

"सोडलंस?"

"सोडलंय. तासभर थेंब थेंब करून. पोटभर जेवूक घालून. एकपण दगावला नाय."

आबा हसत आतल्या खोलीत गेले. टाकीत नुसतं पाणी होतं. ते हळूच बाहेर आले.

"गुणा, सोडलंस खंय?"

"दर्यात. तेच्यापेक्षा मोठा पाणी आपल्या गावात खंय आसा?"

आबांनी ओट्याचा खांब धरला.

"आणि... आवस-बापूस?"

"एवढ्या लहान पोरांका एकटी कशी धाडू? आवस-बापूसपण सोबत दिलंय." गुणाजीने आबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि प्रेमाने समजावलं, "आता तुमी निवांत ऱ्हवा आबा. ह्या तणाचा भय तेंका आता जल्मात नाय."